पाटीपूजनाचं ताट

कॅनॉलकडची शाळा,
वडगाव निंबाळकरच्या पुढे
८ सप्टेंबर २०२५

बाई,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण तुम्ही "आधी वर्गाचा केर काढ" म्हणाल म्हणून उभ्यानेच घालते.

परवा फोन केला होता. तुमच्या कानातल्या मशीनची शिट्टी मला इथपर्यंत ऐकू आली, माझा मात्र एक शब्द तुमच्यापर्यंत पोचला नाही. "सिलिंडर परवाच आलाय" असं सांगून तुम्ही फोन ठेवलात. म्हणून हे पत्र. इंदापूरला तुमच्या हाताखाली शिकलेली मुलगी स्वतः मास्तरीण झाली तरी अडलं की तुमच्याकडेच धावते, याचं तुम्हाला हसू येईल. या वेळी हसू नका. मला चैन नाही.

गोष्ट तुमच्याच झोयाची आहे. अमीरभाईंची मुलगी, तुमच्या मामेभावाची नात. सातवीत, माझ्या वर्गात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पाटीपूजन असतं, अगदी तुमच्या वर्गात असायचं तसं. फळ्यावर एकच्या आकड्यांची सरस्वती, खाली पाट्या-पुस्तकं, झेंडू, हळदकुंकू, साखर-खोबरं. आमच्या फळ्यावर ती सरस्वती गेली तीन वर्षं झोया काढते. बाकीच्यांचे एक तिरके जातात आणि देवीला पोक येतं. झोयाची सरस्वती ताठ असते. लहान वर्गातली पोरंसुद्धा आपापल्या पाट्या घेऊन तिच्यापुढे रांग लावतात.

तर गेल्या आठवड्यात परिपाठ संपल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाई, सरस्वती औंदा बी मीच काढनार. पन समदी हात जोडत्यात तवा मी जोडनार न्हाय. नुसती हुबी ऱ्हाईन. चालंल न्हवं?"

मी म्हणाले, "बघू."

बाई, या एका 'बघू'ने सगळा घोळ केला. शेजारी निकिता उभी होती, तिची जिवाभावाची मैत्रीण. तिने घरी सांगितलं. निकिताचे आजोबा तात्याबा आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. "मॅडम, देवी काढायची तिनं, आन् हात जोडायचं आमच्या पोरांनी? नको आसंल तर काढू बी ने. काढायची आसंल तर चारचौघांवानी जोडावं की हात. गेल्या साली जोडलं हुतं का न्हाय?"

जोडले होते, हे खरं आहे. आणि माणूस वाईट नाही, बाई. पटांगणात मुरूम त्यांनीच टाकून दिला. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

तुम्ही आम्हाला दर वर्षी फळाभर सरस्वती काढून द्यायचात. पूजेच्या वेळी तुम्ही काय करायचात? आठवून आठवून दमले, तुमचे जोडलेले हात डोळ्यांपुढे येत नाहीत, न जोडलेलेही येत नाहीत. आणि दुसरं, घरी कुणी पोरीच्या डोक्यात काही भरवलं असेल का? मला विचारायचा धीर होत नाही.

लवकर लिहा.
रोहिणी

---

इंदापूर
१३ सप्टेंबर

रोहिणी,

सिलिंडरवाल्याला मी जे बोलले ते तुलाच बोलले असं समज. वेळी-अवेळी फोन करतेस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. घरी कुणी भरवलं का, असं विचारतेस? अगं, त्यात विचारायचं काय! अमीरला मी उन्हाळ्यात लग्नात पाहिला. दाढी छातीपर्यंत, मान खाली, पंगतीत बायकांकडे न बघता पाणी वाढत होता. तेव्हाच मला शंका आली होती. हाच तो अमीर, जो लहानपणी गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळून घरी मार खायचा. आता पोरीला शिकवतोय हात जोडू नको म्हणून.

मी त्याची फुफी आहे, आत्या, गप्प बसणार नाही. कालच त्याला पोस्टकार्ड टाकलं. "अमीर, पोरीच्या डोक्यात भलतंसलतं भरू नकोस. तुझ्या अब्बाने याच पाटीपूजनाचं साखर-खोबरं खिशात भरून घरी आणलेलं मी पाहिलंय. पोरीला शाळेत सुखानं राहू दे." मुद्दाम उघडं कार्ड टाकलं. पोस्टमननेही वाचू दे, म्हणजे त्याला जरा लाज वाटेल.

आता तुझा पहिला प्रश्न. माझे हात तुला आठवत नाहीत ना? शाबास! ते कुणालाच आठवू नयेत म्हणून मी केवढी खटपट केली. पूजेच्या वेळी ताट कुणाच्या हातात असायचं, सांग बघू? माझ्या. हळदकुंकू, फुलं, निरांजन, सगळं मांडलेलं जड पितळी ताट. दोन्ही हात गुंतलेले. हेडमास्तर हात जोडायचे, तुम्ही पोरी जोडायच्या, पालक जोडायचे, आणि मी ताट धरून मधोमध उभी. लोक म्हणायचे, शमशादबाईंना देवाधर्माचं किती! सगळी नोकरी अशी झाली. नऊ गावं फिरले, नऊ हेडमास्तर पाहिले, एकालाही कळलं नाही. घरी गेल्यावर माझा नमाज मी पढायचे आणि शाळेत माझं ताट धरायचे. कुणाचं काही अडलं नाही.

तेव्हा उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. झोयाला ताट दे. तात्याबांना वाटेल पोरगी पूजेत सगळ्यात पुढे आहे, पोरीचेही हात मोकळे राहणार नाहीत. मिटलं!

मशीनचा सेल संपत आलाय. बारामतीला आलीस की आण.
शमशादबाई

---

कॅनॉलकडची शाळा
१८ सप्टेंबर

बाई,

काय करून बसलात!

इथे पोस्टमन वस्तीवर घरोघर फिरत नाही. सगळं टपाल दूध डेअरीत ठेवून जातो. तुमचं कार्ड संध्याकाळच्या दुधाला आलेल्या प्रत्येकाने वाचलं. कॅनवाल्याने तर मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. आता सगळी वस्ती म्हणते की अमीरने पोरीला मना केलं, त्याच्या फुफीनेच लिहिलंय.

आणि बाई, ते साफ उलटं आहे. अमीरभाई ते कार्ड हातात घेऊन शाळेत आले. दाढी आहे, मान खाली आहे, सगळं तुम्ही म्हणता तसं. पण पहिलं वाक्य काय बोलले? "मॅडम, मीच तर रोज सांगतुया तिला, जोड की गं हात, तुजं काय जातंय! आता कारखान्याचा हंगाम सुरू हुईल. समदे ट्रॅक्टरवालं पंक्चरला माज्याकडंच येत्यात. उद्या एकानं म्हटलं की ह्याची पोरगी आपल्या देवीला हात जोडीत न्हाय, की संपलं. मी कुनाशी भांडू? ही ऐकत न्हाय. आन् आता फुफी म्हन्ती, मीच शिकवलं." बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. मला खुर्चीतून उठून उभं राहावं लागलं.

जाताना म्हणाले, "दसरा झाला की दाखला द्या मॅडम. फुफीकडं इंदापूरला ठिवतो तिला. तितंच शिकू दे."

मग मी झोयाला बोलावलं आणि शेवटी एकदाचं विचारलं, असं का? आधीच विचारायला हवं होतं. ती फरशीकडे बघत म्हणाली, "बाई, मी नमाजाला हुबी ऱ्हाते ती अम्मीला दाखवाय न्हाय. मग हितं हात जोडायचं ते तात्याबास्नी दाखवाय कशापायी? गेल्या साली जोडलं, तवा मनात काय बी नव्हतं. निकिता डोळं मिटून हुती. मला लई खोटं वाटलं. मला काढाय आवडती सरस्वती. तेवडंच माजं हाय."

मी तिला तुमची ताटाची युक्ती सांगितली. मला वाटलं खूश होईल. तिने तुमच्याबद्दल विचारलं, "म्हंजी दादीनं इतकी वर्सं लपवलं व्हय?"

 तिने ताट नको म्हणून सांगितलंय.

आणखी एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. त्या दिवशी तात्याबांपुढे मी वेळ मारून नेली म्हणाले ना, ते असं, की मी त्यांना शब्द दिला. "पोरगी जोडेल हात, मी सांगते तिला," असं म्हणाले. तुमचं उत्तर येईपर्यंत काही मार्ग निघेल असं वाटलं होतं. आता शब्दही माझ्या गळ्यात आणि पोरीचा दाखलाही.

रोहिणी

---

इंदापूर
२२ सप्टेंबर

रोहिणी,

लपवलं म्हणाली?

बारा वर्षांच्या पोरीला काय ठाऊक! एकटी बाई, नवीन गाव, खोली भाड्याने मिळेना, तेव्हा त्या ताटाने मला घर मिळवून दिलं. पालक आपल्या मुलींना माझ्याकडे बिनघोर सोपवायचे ते त्या ताटामुळे. मी चोरी नाही केली. कुणाचा देव बाटवला नाही, माझा सोडला नाही. यापेक्षा काय करायचं होतं मी?

हे लिहून कागद दोन दिवस तसाच ठेवला होता. फाडणार होते. आता पुढे लिहिते.

अमीरच्या बाबतीत मी चुकले. दाढी बघितली आणि बाकी सगळं मनाने जुळवलं. माझ्याबद्दल असं कुणी केलं असतं तर मी त्याचं डोकं खाल्लं असतं. त्याला दुसरं कार्ड टाकणार होते, पण तू डेअरीचं सांगितलंस. पाकिटातून माफी मागितली आहे.

आता तुझ्याकडे वळते. बारा वर्षांच्या मुलीच्या हातांचा शब्द तू परस्पर देऊन आलीस? हात तिचे, शब्द तुझा? सरकारी शाळेत पूजेला बसायची सक्ती कुणावर करता येत नाही, हे तुला डी.एड.ला शिकवलं होतं की नाही? रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणून घेतेस. विश्वास, श्रद्धा, उपासना हे तीन शब्द पोरं एका दमात म्हणून टाकतात आणि आपणही ओळ कधी संपते याची वाट बघत उभ्या असतो. मीसुद्धा तशीच उभी असायचे. या पोरीने ती ऐकलेली दिसते. जा आणि शब्द परत घे. तुझी बदली होईल, फार तर. माझ्या नऊ झाल्या.

आणि दाखला देऊ नकोस. झोया इथे आली तर मला सोबत होईल, संध्याकाळी कुणीतरी बोलायला असेल. खरं सांगते, अमीरचा निरोप वाचून क्षणभर मला आनंद झाला, मागची खोली झाडायचंही मनात आलं. म्हणूनच म्हणते, देऊ नकोस. हाकलल्यासारखी येणार असेल तर मला ती नको.

शमशादबाई

---

कॅनॉलकडची शाळा
२६ सप्टेंबर

बाई,

जाऊन आले. तात्याबांकडे भेंडीचा तोडा चालू होता. त्यांनी मला बांधावर बसायला पोतं दिलं. मी बसलेच नाही.

म्हटलं, "तात्याबा, मी तुम्हाला शब्द दिला होता तो परत घ्यायला आले. मला तो द्यायचा अधिकारच नव्हता."

तात्याबा भेंडी खुडत राहिले. मग म्हणाले, "मग तिला काढू देऊ नगा. सोपं हाय."

"का नको? तिच्यासारखी कुणाला येते?"

"येत न्हाय, ते मला बी ठावं हाय. आमच्या निकीची सरस्वती बेडकीवानी दिसती." हे म्हणताना ते हसले, आणि मला वाटलं सुटले. पण लगेच चेहरा घट्ट झाला. "मॅडम, हात जोडनं म्हंजी काय धर्म बदलनं हाय का? मान हाय त्यो. आमी उरसाला दर्ग्याफुडं मान तुकवतोच की. मग तिनं का न्हाय?"

"तुम्ही तुकवता ते तुमच्या मनाने. तुम्हाला कुणी मास्तरीण मान धरून तुकवायला लावते का?"

त्यांनी घमेलं उचललं, सरीच्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि "बघतो" म्हणाले. म्हणजे माझाच शब्द मला परत केला. पाटीपूजनाला स्वतः येणार आहेत, पुढच्या खुर्चीत बसून काय होतंय ते बघणार आहेत. न आले असते तर बरं झालं असतं.

इकडे दाखल्याचा अर्ज टेबलाच्या काचेखाली पडून आहे. अमीरभाईंनी तुमचं पाकीट मिळाल्याचं सांगितलं, पण अर्ज मागे घेतला नाही. "फुफीचा राग न्हाय, भ्या वाटतंय" एवढंच म्हणाले. कायदा सांगायला गेले तर म्हणतात, पोरीचा बाप मी आणि हात जोडायला मीच हो म्हणतोय ना. झोया रोज मधल्या सुट्टीत मागच्या फळ्यावर एकचे आकडे गिरवते आणि पुसते. निकिता तिच्याशी बोलत नाही. दोघी एकाच बाकावर बसतात, मध्ये दप्तर ठेवून.

पूजा बुधवारी सकाळी आहे. मला भूक लागत नाही. त्या दिवशी मी काय करायचं असतं, बाई? ताट यंदा माझ्याच हातात येणार.

रोहिणी

---

कॅनॉलकडची शाळा
३ ऑक्टोबर

बाई,

तुम्ही न कळवता आलात, पाणीसुद्धा न पिता दुपारच्या एसटीने गेलात, आणि मशीन म्हणे पर्समध्ये होतं! "सेल संपलाय, तू आणलाच नाहीस" असं सगळ्यांसमोर बोललात. मग तुमच्या पाठीमागे काय काय झालं ते तुम्हाला कोण सांगणार? मीच.

सरस्वती तुम्ही पाहिलीतच. यंदा झोयाने वीणेच्या तारासुद्धा एकच्या आकड्यांनी काढल्या. तात्याबा पुढच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. तुम्ही दारात दिसलात तेव्हा माझ्या हातात ताट होतं. बाई, मला कुणी सांगितलं नव्हतं, मी काही ठरवलंही नव्हतं. तुम्हाला बघून मी पुन्हा चौथीतली झाले आणि चालत येऊन ते ताट तुमच्यापुढे धरलं. तुमचे हात वर आले, हे मी पाहिलं. मग तुम्ही ते खाली घेतलेत आणि म्हणालात, "नको. तूच धर." ऐकू येत नसलेली माणसं बोलतात तेवढ्या मोठ्याने म्हणालात. सगळा वर्ग वळला.

आणि तुम्ही जाऊन झोयाशेजारी उभ्या राहिलात, हात सोडून.

मी प्रार्थना सुरू केली.  पोरांनी हात जोडले, डोळे मिटले. माझे डोळे उघडे होते, तुमच्याकडेच लागलेले, म्हणून मला दिसलं. तात्याबा तुमच्याकडे टक लावून बघत होते. मग शेजारी बसलेल्या निकिताच्या आईला कुजबुजत म्हणाले, पण त्यांचं कुजबुजणं कॅनॉलपलीकडे ऐकू जातं, "ह्या कोन?"

"इंदापूरच्या बाई हायत. अमीरच्या फुफी. शाळामास्तरीन हुत्या."

"मास्तरीन आसून हात जोडीत न्हाईत?"

"न्हाय बा."

तात्याबांनी बराच वेळ विचार केला. प्रार्थना संपत आली तेव्हा म्हणाले, "मग पोरगी फुफीवर गेलीया. घरचीच रीत दिसती." आणि हात जोडून डोळे मिटले. एवढंच, बाई. महिनाभर मी कायदा आणि मान यांच्यात मेले आणि त्यांचं समाधान झालं ते कशाने, तर पोरगी कुणावर गेली ते कळल्याने! मागे दोघीतिघी हसल्या. निकिताने डोळे उघडले, झोयाकडे बघितलं, आणि साखर-खोबरं वाटताना पहिला घास तिच्या हातावर ठेवला. झोयाने खाल्ला.

अमीरभाई फाटकाशी गाडीवरच बसून होते, आत आले नाहीत. तुम्हाला स्टँडवर सोडून परत आले आणि म्हणाले, "मॅडम, त्यो अर्ज ऱ्हाऊ द्या. फुफीनंच जोडलं न्हाईत. आता पोरीला कुठल्या फुफीकडं धाडू?" मी काचेखालून कागद काढून त्यांच्या हातात दिला. घडी करून त्यांनी खिशात ठेवला. फाडला नाही, हेही सांगते.

सगळं गोड झालं असं समजू नका. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकलाय. हात जोडलेली पोरं आणि मधे तुम्ही दोघी. खाली जे लिहिलंय ते तुम्हाला लिहून पाठवणार नाही. केंद्रप्रमुखांनी पुढच्या आठवड्यात खुलासा मागितलाय. काल दसरा असून अमीरभाईंच्या पंक्चरच्या दुकानात कुणीही गाडी पुजायला हार घेऊन आलं नाही. दर वर्षी येतात. आज सकाळी मात्र तात्याबांचा ट्रॅक्टर तिथे उभा होता. चाक खरंच पंक्चर होतं की नाही, मला माहीत नाही.

रोहिणी

---

इंदापूर
७ ऑक्टोबर

रोहिणी,

खुलाशात माझं नाव घाल. निवृत्त शिक्षिका, पाहुणी म्हणून हजर होती, तिनेही हात जोडले नाहीत, असं स्पष्ट लिही. माझी पेन्शन कुणी बंद करत असेल तर मला त्या माणसाला बघायचंय. आणि झोयाकडून काही लिहून घ्यायला सांगितलं तर घेऊ नकोस. ती विद्यार्थिनी आहे, आरोपी नाही.

मला राहून राहून त्या सकाळची आठवण येते. तुला वाटत असेल मी ठरवून आले. नाही गं. बसमध्ये मी ठरवत आले होते की पोरीला समजवावं, ताट धर म्हणावं, एक वर्षाचा तर प्रश्न आहे. दारात तू ताट पुढे केलंस आणि माझे हात आपोआप वर आले. तेव्हा झोया माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसती बघत होती. मला ते ताट घेववेना.

आणि मग पंचाईत झाली. हात ठेवायचे कुठे तेच कळेना. सगळा जन्म पूजेच्या वेळी त्यात काहीतरी जड असायचं.  पदर धरला, सोडला. तुझा वर्ग डोळे मिटून होता म्हणून वाचले. तेव्हा शेजारून एक हात आला आणि माझी दोन बोटं धरून उभा राहिला. मला कुणी इतकं घट्ट कधी धरलेलं आठवत नाही. प्रार्थना संपली की नाही हेही मला कळलं नाही, ती सोडेना म्हणून मी उभी होते. घरी येईपर्यंत त्या बोटांवर खडू होता. मी पाणीसुद्धा प्यायले नाही म्हणतेस ना, ते त्यासाठी. आधी हात धुवावे लागले असते, खडू गेला असता.

तात्याबांना माझा निरोप सांग. म्हणावं, तुमची चूक झाली आहे. पोरगी फुफीवर गेलेली नाही. फुफीच या वयात पोरीवर गेली.

शमशादबाई